आंदोलन

‘आंदोलन’ म्हटलं की आपल्याला मोर्चा, घोषणा आणि अडलेला रस्ता दिसतो. भौतिकशास्त्राच्या मास्तरांना मात्र स्प्रिंगला टांगलेलं वजन दिसतं. खरं तर मास्तरच मुळाच्या जवळ आहेत. संस्कृतात ‘दोला’ म्हणजे झोका. आंदोलन, दोलायमान आणि आपलं घरगुती डोलणं ही सगळी त्याच कुळातली. दरबारी कानडा रागातला गंधार हा स्वरही आंदोलितच, तोही जागच्या जागी झुलतो.

आता मास्तरांची ती वजन टांगलेली स्प्रिंग थोडी ओढून सोडा. ताण दुप्पट, तर मागे खेचणारा जोरही दुप्पट, हे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलं. वजन मधल्या जागी येतं, पण वेगाच्या भरात थांबत नाही, पलीकडे जातं. गंमत म्हणजे झोका लहान असो की मोठा, एका फेरीला वेळ तेवढाच. वजन चौपट केलं, की हा वेळ दुप्पट.