गैरहजर माणसाची हजेरी

आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला आणि शिष्य त्यांचा मूळ देह राखीत बसले, ही आख्यायिका आपल्याकडे लहानपणीच कानी पडते. संजयाला तर दिव्य दृष्टीच लाभली होती. परंतु तिने रणांगणावरचा एक खडाही हलत नव्हता. टेलिफोन आणि दूरचित्रवाणी यांनी आपणा सर्वांना संजय केले. परकायाप्रवेशाची विद्या मात्र माणसाला फार उशिरा साधली. चाकांवर उभी केलेली एक काठी, तिच्या टोकाला पडदा आणि कॅमेरा. शेकडो कोसांवरचा माणूस तिला चालवतो, वळवतो, तिच्या तोंडून बोलतो. या साध्या दिसणाऱ्या यंत्रामागचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

प्रथम दूर गेला तो माणसाचा हात, आणि तोही भीतीपोटी. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ हाताळायचे होते. स्पर्श केला तर जिवाशी गाठ. रेमंड गर्ट्झ या अभियंत्याने संरक्षक भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे जोडहात बसवले. अलीकडचा हात वळला की पलीकडचाही तसाच वळे. १९५४ च्या सुमारास त्याने हीच जोडी विजेवर चालवली आणि पलीकडच्या वस्तूचा जोर अलीकडच्या मुठीला जाणवू लागला. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पुढे असे हात घडवले.

हातामागून पाय निघाले ते थेट चंद्रावर. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत रशियाची ‘लुनोखोद-१’ ही आठ चाकांची गाडी तेथे उतरली. तिचे सारथी बसले होते क्रिमियात, सिम्फेरोपोलजवळ. पाच जणांचे पथक, समोर काही सेकंदांच्या अंतराने येणारे एकेक स्थिर चित्र, आणि आज्ञा जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ! खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेले असावयाचे. तरीही सुमारे साडेदहा किलोमीटरचा प्रवास त्या मंडळींनी पार पाडला.

या विद्येचे बारसे झाले १९८० साली. मार्विन मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘ऑम्नी’ मासिकातील लेखात ‘टेलिप्रेझेन्स’ हा शब्द रूढ केला. आपण त्याला दूरसान्निध्य म्हणू. वर्षभरापूर्वीच थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता; माणसाने धोक्याच्या जागी न जाता तेथले काम करावे, ही मिन्स्कीची तळमळ होती. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टर जाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे असलेल्या एका वृद्धेचे पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढले, तेव्हा तो शब्द खरा ठरला.

पण हात गेला, म्हणून माणूस गेला काय? बर्कलीच्या विद्यापीठात एरिक पॉलोस आणि जॉन कॅनी यांना १९९० नंतरच्या दशकात हाच प्रश्न पडला. त्यांनी आधी कॅमेरा लावलेला फुगा खोल्यांतून तरंगवला. मग चाकांवरचा खांब केला, त्यावर चेहऱ्याचा पडदा लावला आणि बोट दाखवण्यापुरता एक हात दिला. काम करण्यापेक्षा चारचौघांत उभे राहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. पुढे या यंत्रांचा बाजार झाला. कचेऱ्यांत आणि इस्पितळांत ती हिंडू लागली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे टोकियोच्या एका पदवीदान समारंभात झगा नि टोपी घातलेल्या यंत्रांनी विद्यार्थ्यांच्या वतीने पदव्या घेतल्या!

त्याआधी वर्षभर, २०१९ च्या मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातील एका इस्पितळात अतिदक्षता विभागातील एका वृद्धापाशी असेच यंत्र सरकत आले. पडद्यावरच्या डॉक्टरांनी सांगितले की, आता उपाय उरला नाही. ती वार्ता या रीतीने मिळाल्याचे दुःख घरच्यांनी जगापुढे मांडले. तेथे यंत्र बिघडले नव्हते. चित्र उमटत होते, आवाजही येत होता. उणीव होती ती खाटेशेजारी बसणाऱ्या माणसाची.

याच विद्येचे दुसरे रूप पाहा. नॉर्वेत आजारी मुलांसाठी ‘एव्ही-१’ नावाचे छोटे यंत्र निघाले. ते वर्गात बाकावर बसते. मूल घरून त्याच्या डोळ्यांनी फळा पाहते, आणि उत्तर येत असले की यंत्राच्या माथ्यावर दिवा लुकलुकतो. मुलाचा चेहरा मात्र वर्गाला दिसत नाही. आजाराने ओढलेला चेहरा त्याला दाखवावासा वाटत नसेल, एवढे भान करणाऱ्यांनी ठेवले. टोकियोत २०२१ च्या जूनमध्ये ‘डॉन’ नावाचे उपाहारगृह उघडले. तेथे गिऱ्हाइकांशी बोलणारी, कॉफी आणून देणारी यंत्रे घरी खिळून असलेली माणसे चालवतात. हात हलत नसलेले काही जण तर निव्वळ डोळ्यांच्या हालचालींनी! त्यांना त्याचे वेतन मिळते. या योजनेचे जनक योशिफुजी यांची स्वतःची शाळाही बालपणी आजारापायी साडेतीन वर्षे सुटली होती.

आम्हा मास्तरांना हजेरीपट सांभाळावा लागतो. त्यात ‘ह’ आणि ‘गै’ अशी दोनच अक्षरे. ओस्लोच्या वर्गात दिवा लुकलुकला, तर मी निःसंकोच ‘ह’ लिहीन. कारण त्या मुलाला यायचे होते, पण पाय साथ देत नव्हते. ज्याला येता येत होते आणि ज्याने केवळ पडदा पाठवला, त्याच्यापुढे कोणते अक्षर लिहावे? या दिवाळीत परदेशातले कितीतरी भाऊ पडद्यातूनच ओवाळून घेतील. ज्यांचा खरोखरच नाइलाज आहे, त्यांच्या बहिणींनी निरांजन खुशाल पडद्यापुढे धरावे. बाकीच्यांनी मात्र तिकिटाची चौकशी करावी हे बरे.