रान गेलें, राखणदार राहिला

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें यवत आणि चौफुला मागें टाकून वरवंडला पोहोंचलेल्या प्रवाशाला, येथें एके काळीं रान होतें असें कोणी सांगितलें तर तो हंसेल. दोहों बाजूंस ऊंस, मधून कालव्याचें पाणी, पाणी न पोहोंचलेल्या जागीं बोरीबाभळीचा माळ. पण त्याच गांवचा शेतकरी सकाळीं घरून निघतांना ‘रानांत जातों’ असेंच म्हणतो. ‘अरण्य’ या संस्कृत शब्दापासून आपला ‘रान’ शब्द आला. नांगराखालीं आलेली ही जमीन पूर्वी कोणाच्या सत्तेखालीं होती, याची आठवण त्या एका शब्दानें जतन करून ठेवली आहे. आणि तो पूर्वीचा सत्ताधीशही कोठें गेलेला नाहीं. आपल्या देशावरच्या कोणत्याही शिवारांत पाहावें, बांधाच्या कोपऱ्यावर शेंदूर फांसलेला, नाक-डोळे नसलेला एखादा दगड बसलेला असतोच.

रानाला मालक असतो ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १४६ वें सूक्त अरण्यानीला, म्हणजे वनदेवतेला, उद्देशून आहे. त्यांत यज्ञाचा थाट नाहीं. सायंकाळीं रानांत अडकलेल्या माणसाला काय काय भास होतात, तेंच कवीनें सांगितलें आहे. कोठें गाई चरत असल्यासारखें वाटतें, कोठें गाडी कुरकुरते, कोठें कोणी ओरडल्यासारखें होतें. ही देवता आपण होऊन कोणाला मारीत नाहीं. ती न नांगरतां अन्न देते आणि श्वापदांची माता आहे. फक्त गांवाची विचारपूस ती कधीं करीत नाहीं, एवढेंच कवीला नवल वाटतें.

रशियांतील शेतकऱ्याला हाच अनुभव निराळ्या नांवानें येत असे. रशियन भाषेंत जंगलाला ‘लेस’ म्हणतात आणि जंगलाच्या धन्याला ‘लेशी’. अफानास्येव्ह या पंडितानें १८६५ ते १८६९ या काळांत स्लाव्ह लोकांच्या निसर्गविषयक कल्पनांवर तीन खंड प्रसिद्ध केले, आणि १८७२ सालीं राल्स्टन या इंग्रज गृहस्थानें रशियन लोकगीतांवरील आपल्या ग्रंथांत अशा समजुतींची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली. हा लेशी उंच झाडांत उभा राहिला तर झाडाएवढा होतो आणि गवतांत आला तर गवताएवढा. वाटसरूला भुलवून तो पुन्हा पुन्हा त्याच जागीं आणून सोडतो. गुराख्यानें त्याच्याशीं करार केला, तर मात्र लांडग्या-अस्वलांपासून गुरांचें रक्षण तोच करतो. त्याच्या पायांतले जोडे उलटे असतात, डावा उजव्या पायांत आणि उजवा डाव्या पायांत. म्हणून वाट चुकलेल्यानेंही अंगांतले कपडे उलटे करावेत, जोड्यांची अदलाबदल करावी, म्हणजे तो सोडतो, असा समज होता.

जोड्यांच्या या गोष्टीवरून कोंकणांतल्या श्रोत्यांना वेतोबा आठवल्यावांचून राहणार नाहीं. वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीच्या वेतोबाला भाविक लोक केळीं आणि कातडी चपला वाहतात. त्या चपला माणसाच्या मापाच्या नसतात. चांगल्या राक्षसी आकाराच्या असतात. देव रात्रीं गांवाची शीव फिरतो, फिरून फिरून चपला झिजतात, म्हणून नव्या द्याव्या लागतात. गोव्यांत देवचाराविषयींही लोक असेंच सांगतात. येथें रशिया आणि कोंकण यांचें गोत्र जुळवून टाकण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. दोघांची कुळी एक होती असें म्हणण्यास आधार नाहीं. ज्याला एवढ्या मोठ्या मुलखाची राखण करावयाची, त्याला तो पायींच तुडवावा लागतो, म्हणून दोन्हीकडे लोकांचें लक्ष देवाच्या जोड्यांकडे गेलें असावें, इतका तर्क पुरेसा आहे. रखवालदाराची चाकरी सगळीकडे सारखीच.

देशावर वाट चुकविणाऱ्या शक्तीला ‘चकवा’ म्हणतात. रात्रभर चालून माणूस पहांटे पाहतो तों निघाला त्याच बाभळीखालीं उभा. यावर जुनीं माणसें उपाय सांगत कीं, एका जागीं बसून राहावें आणि उजाडूं द्यावें. शिकलेले लोक याला हंसले. पण जर्मनींतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनीं माणसांना अनोळखी जंगलांत आणि वाळवंटांत प्रत्यक्ष चालवून पाहिलें आणि २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तोंवर माणूस सरळ चालतो. तो दिसेनासा झाला कीं, सरळ चालल्याच्या समजुतींतच तो वर्तुळांत फिरूं लागतो. म्हणजे निदान खोटें असलें तरी औषध खरें होतें.

या समजुती कागदावर उतरल्या त्याचें पुष्कळसें श्रेय खेड्यांतल्या शाळामास्तरांना आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते. त्यांनीं प्रश्नावली काढून गांवोगांवच्या मास्तरांकडून उत्तरें मागविलीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें जॅक्सन यांचा अंत झाला. पुढें त्या सामग्रीवरून एंथोव्हेन यांनीं कोंकणच्या लोकसमजुतींचा खंड तयार केला. तो १९१५ सालीं निघाला. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेडा, झोटिंग, हडळ, जखीण अशी लांबलचक यादी त्यांत आहे. यादी अमोल आहे, पण तिच्यांत एक घोंटाळा झाला. मुंजा हा अकालीं मेलेल्या बटूचा आत्मा. त्याला पिंपळ मिळाला तो मेल्यानंतर. वेताळ हा कोणाचाच मेलेला नातलग नव्हे. तो भुतांचा राजा आणि शिवेचा धनी. ‘भूत’ या एकाच सदरांत दोघांची नोंद झाल्यामुळें रानाचा मालक आणि घरचा असंतुष्ट मृतात्मा यांतला भेदच शहरी वाचकाच्या मनांतून पुसला गेला.

वरवंडच्या बाजूला हा भेद स्पष्ट दिसतो. दौंड तालुक्याचा हा मुलूख जुन्या भीमथडींतला. भीमथडीचीं तट्टें मराठ्यांच्या इतिहासांत गाजलीं, तीं येथील गवतावर पोसलेलीं. येथलें रान सह्याद्रीसारखें गर्द कधींच नव्हतें. गवत, हिवर, खैर, बोर, बाभूळ, त्यांत लांडगे आणि चिंकारा. त्याचा एक लहानसा तुकडा जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य म्हणून १९९७ पासून राखलेला आहे. अशा माळाचा देव म्हणजे मेंढपाळांचा आणि गुराख्यांचा म्हसोबा. ‘म्हसोबाला नव्हती बायको आणि सटवाईला नव्हता नवरा’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. तिच्यांत एक बारकावा आहे. गांवगाड्यांतल्या देवाला संसार असतो, देऊळ असतें, पुजारी असतो. रानांतल्या देवाला यांतलें कांहीं नसतें. पुष्कळ ठिकाणीं तर त्याला छप्परही चालत नाहीं, घातलें तर कोपतो म्हणतात.

धर्मानंदपुत्र दामोदर कोसंबी यांनीं पुण्याच्या आसमंतांतील असे दगड पायीं हिंडून पाहिले आणि १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचा विचार केला. म्हसोबा हा महिषासुरच, असें त्यांचें मत. पुराणांत देवीनें ज्याला मारलें, त्यालाच शेतकऱ्यानें बांधावर बसवून नारळ फोडला! जर्मन पंडित सोन्थायमर यांनीं धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवर १९७६ सालीं ग्रंथ लिहिला. वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि वसती, यांची देवघेव हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे बांधावरच्या दगडाचा अर्थ लागतो. जमीन मोडतांना जुन्या धन्याला हांकलून दिलें नाहीं. त्याला कोपरा दिला आणि वर्षाकांठीं नैवेद्य कबूल केला. त्या नैवेद्यांत बोकड-कोंबड्यांचे जीव जात, हें मात्र कोणालाही सुखानें सांगतां येणार नाहीं.

माळावर कोपऱ्यानें भागलें. त्याच भीमेच्या उगमाकडे, भीमाशंकराच्या डोंगरांत, देवाचा वांटा मोठा होता. तेथें अख्खी राई त्याची. देवराईंतली वाळकी काटकीसुद्धां उचलावयाची नाहीं, असा पुष्कळ ठिकाणीं दंडक असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतल्या अशा राया हिंडून पाहिल्या. भोंवतालचे डोंगर बोडके झाले असतांही राईंत जुने वृक्ष, वेली आणि झरे शिल्लक असल्याचें त्यांनीं दाखवून दिलें. शेंकडों वर्षें हें काम कोणत्याही खात्यानें केलें नव्हतें. भीतीनें केलें होतें. ती भीति ओसरली तेव्हां अनेक राया कुऱ्हाडीखालीं गेल्या. कांहीं ठिकाणीं तर भक्तांनींच देवाला सिमेंटचें देऊळ बांधून देण्याकरितां त्याचीं झाडें विकलीं. ज्याला छप्पर नको होतें, त्याला छप्पर मिळालें, आणि घर गेलें.

उगमाकडच्या जुन्नर-आंबेगांव पट्ट्यांत आणि शेजारच्या अकोल्यांत महादेव कोळी आणि ठाकर लोक आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना अभय मागतात. रशियन गुराख्याचा लेशीशीं होणारा करार तो हाच. हा करार डोंगरांतला, माळावर त्याची गरज पडत नव्हती. आतां पडूं लागली आहे. कालव्यांनीं आणि विहिरींनीं माळ भिजला, बारमाही ऊंस उभा राहिला, आणि त्या दाट उसांत बिबट्यांनीं ठाण मांडलें. जुन्नरकडून ते शिरूरपर्यंत पसरले आणि भीमा ओलांडून दौंडच्या बाजूलाही आले. त्यांच्यांतले कित्येक उसांतच जन्मलेले आहेत. त्यांनीं जंगल पाहिलेलें नाहीं. मेंढ्या गेल्या, वासरें गेलीं, माणसें आणि लहान मुलेंही गेलीं. सांपळ्यांत अडकून, विहिरींत पडून बिबटेही मेले. ज्या शेताला लोक नुसतें सवयीनें रान म्हणत, तें पुन्हा खरोखरीचें रान झालें आहे.

पंपाची वीज रात्रीं मिळते तेव्हां उसाला पाणी देण्यास रात्रीं जाणें चुकत नाहीं. हातांत बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्यानें बोलत, दोघे-तिघे मिळून निघतात. बांधावरच्या दगडापाशीं क्षणभर थांबून पायांतल्या चपला काढतात, हात जोडतात, आणि पुढें रानांत शिरतात.