रेषा कोणाची? डिस्ने सचेतपटांतील एक स्थित्यंतर

हाताने रेखाटलेल्या सचेतपटांचा इतिहास बहुधा दिग्दर्शक व चित्रकार यांच्या नावांनीच सांगितला जातो. परंतु १९३७ च्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ पासून १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ पर्यंत वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटांत पडद्यावर जी रेषा दिसते, ती प्रत्यक्षात मूळ चित्रकाराच्या हातची नव्हे. चित्रकार कागदावर पेन्सिलीने आकृती काढी. ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवण्याचे व मागील बाजूने रंग भरण्याचे काम स्वतंत्र विभागाकडे असे, आणि त्या विभागात बहुतांशी स्त्रिया होत्या. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या श्रमाचा अदमास येतो. या कामास केवळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. गालाची कड गालाच्याच रंगाच्या गडद छटेने, वस्त्राची वस्त्राच्या छटेने रेखली जाई. त्यामुळे कड असूनही ती डोळ्यांस खुपत नसे. ग्रंथकर्त्याचे नाव सर्वतोमुखी व्हावे, पण वाचकाच्या परिचयाचे अक्षर मात्र लेखनिकाचे असावे, तशातलाच हा प्रकार.

‘स्लीपिंग ब्यूटी’ वर सुमारे ६० लक्ष डॉलर खर्ची पडले. पहिल्या प्रदर्शनात ते वसूल झाले नाहीत, आणि नोकरकपात झाली. अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचे तंत्र सचेतपटाच्या कामी जुळवून घेतले होते, त्यास आता महत्त्व आले. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या चित्रपटात चित्रकाराची पेन्सिलरेषा थेट सेल्युलॉइडवर उमटली. ठिपकेदार कुत्र्यांचा एवढा मेळा हाताने गिरवणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्रायच होते.

यंत्राची रेषा काळी व काहीशी खरबरीत येई. कलादिग्दर्शक केन अँडरसन यांनी ती लपविण्याऐवजी पार्श्वभूमीच्या रेषाही त्याच रीतीने उमटवून रंगांवर ठेवल्या. त्यामुळे लंडनची घरे आणि त्यांत वावरणारी पात्रे एकाच हातची वाटतात. मार्क डेव्हिस यांनी रेखाटलेल्या क्रुएलाचा अणकुचीदारपणा या रेषेतच शोभतो. वॉल्ट डिस्ने यांना हे रूप रुचले नाही. चित्रकारांची रेषा मात्र मधल्या हातावाचून प्रेक्षकापर्यंत पोहोचली.

‘हाताने रेखाटलेला’ हे विशेषण दोन्ही पर्वांना सारखेच लावले जाते. हात मात्र बदलला होता, आणि एका कुशल वर्गाची गरज बव्हंशी सरली होती. रंग भरणारे हात तेवढे १९८९ च्या ‘द लिट्ल मर्मेड’ पर्यंत टिकले. पुढील वर्षीच्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’ मध्ये ते कामही संगणकाकडे गेले.