खैराटची खुली पाटी

यमुनेच्या पूर्वतीरी मयूर विहारात बिऱ्हाड करून राहिलेल्या आम्हां मराठी नोकरदारांस सरकारी नकाराची भाषा सुपरिचित आहे. तसा एक नकार दिल्लीत २००६ साली लिहिला गेला. मुलागणिक एक लहान संगणक देण्याची निकोलस निग्रोपॉन्टे यांची योजना तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नाकारली. आधी शिक्षक आणि वर्गखोल्या हव्यात, हे त्याचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते. तथापि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, तोच संगणक रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २२ मुलांच्या हाती पडला.

त्या यंत्रात ‘शुगर’ नावाची आज्ञावली होती. लेखन, चित्र, संगीत यांचे खेळ तीत होतेच. परंतु तिची मूळ संहिता सर्वांस खुली होती, हे तिचे खरे वैशिष्ट्य. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी, आपल्या भाषेत आणावी आणि पुन्हा वाटावी. २००८ साली वॉल्टर बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ स्थापन केली आणि तिचा सांभाळ स्वयंसेवकांच्या समुदायाकडे आला. यंत्रे जुनी झाली, योजनेचा गाजावाजा ओसरला. आज्ञावली मात्र टिकली. जात्यावरची ओवीही अशीच टिकली. प्रत्येकीने आपली ओळ जोडली, मालकी कोणीच सांगितली नाही.

बदलीच्या गावी वाढणाऱ्या आमच्या मुलांना मराठीतून शिकविणारी साधने बाजार पुरवील, ही आशा व्यर्थ होय. खुल्या संहितेत मराठी शब्द घालण्यास मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. फायलींवर शेरे लिहिण्यात मुरलेल्या आमच्या लेखणीने संध्याकाळी तेवढे काम का करू नये?