अंगठ्याजवळचं हाड 'वाढलंय'? ते वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं

लग्नात सॅन्डल घालून दोन तास उभं राहिलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. चप्पल काढून बघावं तर तिथे लालसर उंचवटा. घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, हाड वाढलंय. तुझ्या आजीलाही होतं."

यातलं आजीचं खरं असू शकतं. हाड वाढल्याचं मात्र तसं नाही.

या त्रासाला इंग्रजीत बनियन म्हणतात (अंगात घालायच्या बनियनशी याचा काही संबंध नाही). डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हॅलक्स व्हॅल्गस' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तिरपा झालेला अंगठा.

नेमकं काय होतं?

अंगठ्याच्या मागे तळपायात एक लांब हाड असतं. ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट बाजूला, शेजारच्या बोटाकडे झुकतो. दोन्ही हाडांचा सांधा मधोमध कोपरासारखा बाहेर येतो. आपल्याला दिसते ती 'गाठ' म्हणजे हेच कोपर. त्यावर चप्पल घासली की आतली मऊ पिशवी सुजते आणि गाठ आणखी मोठी दिसते.

एकदा अंगठा तिरका झाला की त्याला ओढणारे स्नायूबंधही जागा सोडतात. धनुष्याच्या दोरीसारखे ते अंगठ्याला आणखी तिरकं खेचू लागतात. म्हणूनच बनियन आपोआप सरळ होत नाही. काहींचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, काहींचं वाढत जातं. वाढलं तर अंगठा शेजारच्या बोटाखाली किंवा वर चढतो, ते बोट वाकडं होतं, आणि अंगठ्याने उचलायचा भार त्या बोटाच्या मागच्या भागावर पडून तळपायाला घट्टे पडतात.

दोष चपलेचा की आजीचा?

दोघांचाही. पायाची ठेवण, सैल सांधे, सपाट तळवे हे घराण्यातून येतं. त्यात भर घालतात निमुळत्या टोकाचे बूट आणि उंच टाचा. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो. संधिवातामुळेही तो होऊ शकतो.

चपलेचा हात किती, याचा एक भारी पुरावा इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये सापडला. तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतले 177 सांगाडे संशोधकांनी तपासले. अभ्यास 2021 मध्ये आला. 11 ते 13 व्या शतकातल्या सांगाड्यांपैकी 6 टक्क्यांमध्ये बनियनच्या खुणा होत्या, 14-15 व्या शतकात हेच प्रमाण 27 टक्के. मधल्या काळात लांब, टोकदार बुटांची फॅशन आली होती. त्यात पुरुषही होते आणि चक्क धर्मगुरूही. शिवाय बनियन असलेल्या वयस्कर लोकांमध्ये पडून हाड मोडल्याच्या खुणाही जास्त सापडल्या. थोडक्यात, हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. अंगठा तिरका झाला की तोल बिघडतो.

रील्समधले पट्टे, सिलिकॉनचे तुकडे?

'रात्री लावा, महिन्यात अंगठा सरळ' हा दावा सोडून द्या. पट्टा लावलेला असेपर्यंत आराम वाटू शकतो, पण मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड त्याने कायमचं जागेवर येत नाही. त्यापेक्षा कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्यावर रोजची चप्पल ठेवून बघा. पाऊल चपलेच्या बाहेर डोकावत असेल तर पहिला खर्च नव्या चपलेवर करा. पुढून रुंद, टाच कमी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सोबत गादी, बर्फ, गरजेपुरती वेदनाशामक गोळी, इतक्यावर अनेकांचं भागतं.

एका रात्रीत सांधा लालबुंद होऊन चादरही सहन होत नसेल, तर ते बनियन नसून गाऊट असू शकतं. आणि मधुमेह असेल तर गाठीवर साधं सोललं तरी डॉक्टरांना दाखवा. कुरूप समजून ब्लेडने कापणं तर अजिबात नको.

ऑपरेशन कधी?

चपला बदलूनही रोजचं चालणं दुखत असेल तेव्हा. फक्त दिसण्यासाठी ऑपरेशन करायला बहुतेक सर्जन नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. वाढीच्या वयातल्या मुलांमध्येही शक्यतो थांबतात.

आधी उभं राहून एक्स-रे काढतात. अंगठ्याचा तिरकेपणा 15 अंशांपर्यंत असेल तर तो साधारण ठीक धरतात, 40 च्या पुढे गंभीर. नुसता उंचवटा तासून काढला तर मूळ तिरकेपणा तसाच राहतो आणि त्रास परततो. म्हणून हाड कापून जागेवर सरकवावं लागतं. शेव्हरॉन पद्धतीत इंग्रजी व्ही आकाराचा छेद, स्कार्फमध्ये झेड आकाराचा, आणि मग स्क्रू. तिरकेपणा जास्त असेल किंवा हाडाच्या बुडाचा सांधा सैल असेल तर तो सांधाच जोडून टाकतात, त्याला लॅपिडस म्हणतात. अंगठ्याचा सांधा पूर्ण झिजला असेल तर तोही कायमचा जोडतात. अगदी छोट्या छेदांतूनही आता हे काम होतं, पण हाड कापलं जातंच.

बरेच पेशंट त्याच दिवशी घरी जातात. खरी परीक्षा पुढे असते. साधारण सहा आठवडे कडक तळव्याचा खास बूट, पहिले दोन आठवडे पाय उशीवर उंच. सूज जायला सहा महिने, कधी जास्तही लागतात. अंगठा ताठ होणं, बधिरपणा, जंतुसंसर्ग, शेजारच्या बोटाखाली नवं दुखणं, बनियन पुन्हा येणं, हे धोके सर्जनकडून आधीच समजून घ्या. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आधी बंद करा, त्याने हाड जुळायला उशीर होतो.

आणि हो, ऑपरेशननंतर ती जुनी टोकदार सॅन्डल पायात येईलच असं नाही. आली तरी घालू नका.