हँडलपासून सोलेनॉइडपर्यंत : सडक अर्जुनीच्या रस्त्यावरची दुरुस्ती

सडक अर्जुनी हे गोंदिया जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण नागपूर–रायपूर रस्त्यावर, नागपूरच्या पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात या रस्त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. भंडारा, साकोली, देवरी असा तो छत्तीसगडात उतरतो. १८८० नंतरच्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे झाली ती मात्र उत्तरेकडून, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव अशी. माल रुळांवर गेला, गोंदियाचे जंक्शन वाढले आणि दक्षिणेची सडक मागे पडली. तिला पुन्हा दिवस आले ते ट्रकमुळे. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय महामार्ग ६ चा भाग झाली. २०१० मध्ये क्रमांक बदलले तेव्हा ५३ झाली. मुंबई–कोलकाता वाहतुकीचा मोठा ओघ येथूनच जातो.

ट्रक आले तशी त्यांची दुखणीही आली. साकोली ते देवरी या पट्ट्यात जंगल आणि घाट असल्याने बंद पडलेली गाडी ढकलत न्यायला जवळ गाव सापडेलच असे नसे. गोंदियाहून नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, वडसाकडे जाणारा रस्ता सडक अर्जुनीजवळ कोहमाऱ्याला महामार्ग ओलांडतो. अशा नाक्यांवर पंक्चरवाला, वेल्डिंगवाला आणि बॅटरी-सेल्फचे काम करणारा इलेक्ट्रिशियन हे तिघे चहाच्या टपरीइतकेच ठरलेले असतात. त्यातल्या तिसऱ्याचा धंदा ज्या भागांवर चालतो, त्यांत सोलेनॉइडचे स्थान मोठे आहे.

इंजिनाला पहिला फेरा बाहेरून द्यावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींत तो लोखंडी हँडलने, माणसाच्या दंडाच्या जोरावर दिला जाई. इंजिन उलटे फिरले की हँडल झटका मारी आणि मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेचा स्टार्टर (आपल्याकडचा ‘सेल्फ’) तयार केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत तो बसला. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडले. पण विजेच्या मोटरने एक नवा प्रश्न उभा केला. तिला क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. तो चालकाच्या हाताजवळच्या बारीक स्विचमधून नेला तर स्विच जळतो, आणि जाड केबल तिथपर्यंत ओढणे परवडत नाही.

याचे पहिले उत्तर साधे होते: स्विचच मोठा करायचा आणि तो पायाने किंवा तारेने दाबायचा. सुरुवातीच्या विलिस जीपमध्ये स्टार्टरचे बटण पायाशी असे. दुसरे उत्तर म्हणजे सोलेनॉइड. चावी फिरवली की थोडासा प्रवाह तारेच्या गुंडाळीत जातो, गुंडाळी चुंबक बनते, आतला लोखंडी प्लंजर खेचला जातो आणि त्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना भिडते. लुकास पद्धतीच्या काही जुन्या सोलेनॉइडवर रबरी टोपीखाली बटण असे. मिस्त्री बॉनेट उघडून ते अंगठ्याने दाबी आणि आत कोणी बसल्याविना इंजिन फिरवून बघे. पुढे सोलेनॉइड सेल्फच्या पाठीवरच बसले आणि त्याला दुसरे काम मिळाले: प्लंजरने खटका ओढून दातेरी पिनियन फ्लायव्हीलमध्ये ढकलायचे, दाते जुळल्यावरच प्रवाह सोडायचा. यासाठी आत दोन गुंडाळ्या असतात, एक जोराने खेचणारी आणि दुसरी धरून ठेवणारी. ही रचना आजतागायत टिकली आहे.

भारतात हँडल लवकर गेले नाही. अँबॅसडरसारख्या गाड्यांत ते डिकीत पडलेले असे, आणि सेल्फ रुसला की त्याचाच आधार. डिझेल ट्रकला मात्र हँडल मारणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तिथे धक्का मारायचा किंवा गाडी उतारावर उभी करायची, एवढेच पर्याय उरत. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि सेल्फचे सुटे भाग देशात बनू लागले. मग सोलेनॉइड ही मोठ्या शहरातून मागवायची चीज न राहता दुकानाच्या फळीवर आली.

या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, पाऊस भरपूर, त्यामुळे टर्मिनल हिरवी पडतात, अर्थची पट्टी गंजते. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. वडशाच्या नाटक मंडळींच्या गाड्या रात्रभर उभ्या राहतात आणि पहाटेच्या थंडीत घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवताना अशक्त बॅटरी दगा देते. नव्वदच्या दशकापासून काळी-पिवळी जीपगाड्यांनी यात भर घातली, कारण त्या दर थांब्यावर इंजिन बंद करतात आणि सोलेनॉइड झिजते ते किलोमीटरने नव्हे, सुरू करण्याच्या संख्येने.

दुखणे ओळखण्याची परंपरा कानावर चालते, आणि ती शास्त्राला धरून आहे. भराभर कटकट ऐकू आली तर दोष बहुधा बॅटरीत किंवा सैल जोडणीत असतो: धरून ठेवणाऱ्या गुंडाळीला पुरेसा दाब मिळत नाही, प्लंजर भिडतो आणि सुटतो. एकच ठसठशीत खट् आणि पुढे शांतता, तर तांब्याची चकती जळली असण्याचा संभव मोठा. आवाजच नाही, तर गुंडाळी तुटली किंवा चावीकडून प्रवाह येत नाही. दोन जाड बोल्टांवर पेचकस आडवा धरून ठिणगी काढण्याची रस्त्यावरची चाचणी झटपट असली तरी घातक आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी घेते.

घरच्या घरी बदलायचे झाले तर आधी बॅटरीची ऋण तार काढतात, मग सोलेनॉइडवरच्या तारांना खुणा करतात. दोन-तीन स्क्रू सोडले की ते सेल्फपासून सुटते. प्लंजरचा आकडा खटक्यातून अलगद काढावा लागतो आणि नवा तसाच अडकवावा लागतो. आकडा न अडकता स्क्रू आवळले तर सेल्फ नुसता घुर्र करतो, इंजिन फिरत नाही. जुन्या जमान्यात बदलण्याआधी एक पायरी होती. सोलेनॉइड उघडून जळकी चकती पालथी करायची, खड्डे पडलेले बोल्ट अर्धा फेरा फिरवायचे, आणि तोच भाग आणखी काही वर्षे वापरायचा. याला जुगाड म्हणणे अन्यायाचे होईल. भाग उघडता येईल असाच बनवलेला होता. नंतर कड दाबून बंद केलेली, न उघडणारी सोलेनॉइडे आली आणि ही कला संपत गेली.

दरम्यान महामार्ग बराचसा चौपदरी झाला, जंगलातले काही टप्पे मात्र पुढे बरीच वर्षे दुपदरी राहिले. गाड्यांतली सोलेनॉइडेही वाढली. पूर्वी डिझेल इंजिन बंद करायला तार ओढत. तिच्या जागी इंधन तोडणारे सोलेनॉइड आले. कॉमन रेल इंजिनांत बहुतेक इंजेक्टरच्या डोक्यावर एकेक सोलेनॉइड असते आणि ते एका चक्रात अनेकदा उघडझाप करते. ते तपासायला संगणक आणि चाचणी-बाक लागतो. सेल्फचे सोलेनॉइड मात्र अजून पाना आणि पेचकसाने निघते.