गोरगरिबांची शाळा आणि मास्तरांची तयारी

कॅथलिक शाळांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, तिथली शिस्त आणि शिकवणे उत्तम. दुसरा म्हणतो, तो धर्मप्रसाराचा मार्ग. शिक्षकाची व्यावसायिक पात्रता आणि या शाळांची धर्ममूल्ये यांचा मुळात संबंध काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मला त्याचे उत्तर फ्रान्सच्या इतिहासात सापडते.

सतराव्या शतकात तिथल्या गरिबांच्या धर्मादाय शाळांत मास्तर असत, पण शिकवावे कसे हे त्यांना कोणी शिकवलेले नसे. रॅंस शहरातला झां-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) हा श्रीमंत घरचा, कॅथीड्रलमधल्या मानाच्या व उत्पन्नाच्या पदावरचा धर्मगुरू. १६८१ साली त्याने अशा मास्तरांना स्वतःच्या घरी राहायला आणले. देवावर भरवसा ठेवा, असा उपदेश तो करू लागला, तेव्हा मास्तरांनी त्याला सुनावले की तुमची सोय झालेली आहे, म्हणून तुम्हाला हे बोलणे परवडते. १६८३ साली त्याने ते पद सोडले आणि पुढच्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांच्या अन्नावर खर्च केली.

त्याच्या संघातल्या शिक्षकांनी पाद्री व्हायचे नाही आणि गरिबांना फुकट शिकवायचे, असा दंडक होता. त्या काळी वाचन लॅटिनपासून सुरू होई. कारागिराच्या पोराला त्याचा काय उपयोग? द ला सालने फ्रेंचपासून सुरुवात केली. देवभाषेच्या मक्तेदारीची झळ सोसलेल्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. खेड्यांतल्या मास्तरांसाठी त्याने रॅंसमध्ये प्रशिक्षणाची शाळा काढली. शाळा कशी चालवावी यावरचा त्याचा ग्रंथ १७२० साली छापला गेला. मुले गैरहजर का राहतात, नव्या मास्तराचे कोणते दोष घालवायचे, याचा त्यात बारकाईने विचार आहे. फी देऊ शकणारी मुलेही इथे फुकट शिकतात, म्हणून पॅरिसच्या लेखन-शिक्षकांच्या संघाने त्याला कोर्टात खेचले.

त्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच्या शाळेत छडी होती, रोजचे धर्मशिक्षण होते, आणि समाजाची उतरंड त्याने मोडली नाही. पण गरिबाच्या पोराला अर्धवट मास्तर देणे हा त्या पोराचा अपमान आहे, हे त्याने ओळखले. शिक्षक-प्रशिक्षणाची एक वाट या गरिबांच्या शाळेतून निघाली, हे विसरता येत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच दुसऱ्या टोकाकडून मांडले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, आणि तो शेतकरी समाजातला, मुलांत मिसळणारा हवा. जे द ला सालला दिसले नाही ते फुल्यांनी पाहिले: प्रमाणपत्र असूनही मास्तर मुलापासून अंग चोरत असेल, तर ती तयारी फुकट आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरच्या आपल्या घोषणेत शिक्षकाला योग्य पात्रता व अध्यापनकौशल्य हवे, असे सांगितले आणि गरिबांची विशेष काळजी घेण्यासही बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे आपल्या धोरणातच मान्य केले.

आता आपल्या दाराशी आलेला प्रश्न. २००९ चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी शिक्षक पात्रता परीक्षा इतर शाळांच्या शिक्षकांना बंधनकारक ठरवली. २०१४ च्या निकालाविषयी मात्र शंका व्यक्त करून तो प्रश्न त्यांनी मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क मी मानतो. बहुसंख्याकांच्या दडपणाविरुद्ध ती ढाल आहे. पण ती ढाल संस्थाचालकांसाठी आहे की वर्गातल्या पोरांसाठी? कॅथलिक शाळांनी सक्तीची वाट न पाहता पात्रतेची अट स्वतःहून पाळावी आणि दलितांच्या मुलांना दार उघडावे. त्यांच्याच परंपरेचे ते देणे आहे. आणि आपण, कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी, प्रत्येक शाळेला, आपल्या माणसांनी काढलेल्या शाळेलासुद्धा, दोन प्रश्न विचारावेत: वर्गात कोणाची मुले बसली आहेत? आणि त्यांच्यापुढे उभा असलेला मास्तर तयारीचा आहे काय?